शहराबाहेरचं घर : वाचकांचे प्रश्न आणि ताईची उत्तरं

गेल्या अंकात मी सहज दोन ओळी लिहून गेले होते, की शहर सोडून उपनगरात राहायला आलो त्याला सतरा वर्षं झाली आणि बरं केलं की चुकलं ते मला अजून धड सांगता येत नाही. झालं, त्या दोन ओळींवर एवढी पत्रं आली की टेबलावर चहाचा कप ठेवायला जागा उरली नाही. सगळ्यांना उत्तर देणं काही शक्य नाही, सारख्या प्रश्नांची पत्रं एकत्र केलीयेत, नावं-गावं काढून टाकलीयेत. आणि आधीच सांगते, मी कुणी मोठी तज्ज्ञ नाही. नगररचनेच्या ऑफिसात वीस वर्षं नकाशे काढले एवढंच, ज्या चौकोनांना मी स्वतःच्या हाताने हिरवा रंग दिला तिथे नंतर पार्किंग झालेलं बघितलंय, त्यामुळे थोडं तिरकस बोलले तर समजून घ्या.

ताई, आम्ही दोघं नोकरी करतो, मुलगी चार वर्षांची आणि बाळ आठ महिन्यांचं. शहरात मधोमध दीड खोलीत भाड्याने राहतोय, आता बाहेर तीन खोल्या, बाल्कनी, खाली बाग असं घर मिळतंय, हप्ता परवडेल असा आहे पण ऑफिस एका बाजूने सव्वा तास. सासरे म्हणतात लगेच घ्या, आई म्हणते वेड्यासारखं करू नका. मला दोघांचंही पटतं, हाच तर घोळ आहे.

पहिलं सांगा, सव्वा तास हा आकडा दिला कुणी? घर विकणाऱ्याने ना? मग तो सुट्टीच्या दिवशी दुपारी, रस्ता मोकळा असताना, गेटपासून गेटपर्यंतचा आहे असं धरून चाला. तुमचा खरा वेळ चपला घालण्यापासून सुरू होतो, त्यात लिफ्टची वाट, स्टॉपपर्यंत चालणं, आधीची गाडी डोळ्यांदेखत निघून जाणं, पाऊस, सगळं आलं. म्हणून माझं म्हणणं असं की टोकन द्यायच्या आधी मंगळवारी किंवा बुधवारी सकाळी त्या घराच्या दारापासून ऑफिसच्या खुर्चीपर्यंत दोघांनी प्रत्यक्ष जाऊन बघा आणि संध्याकाळी परतही या, एकदा नाही, तीनदा. घर रविवारी बघायला जातात लोक, राहायचं असतं मंगळवारी.

सव्वा तास खरा धरला तरी जाऊन-येऊन अडीच तास, आठवड्याचे साडेबारा, वर्षातले अठ्ठेचाळीस आठवडे धरले तर सहाशे तास, म्हणजे अख्खे पंचवीस दिवस-रात्र तुम्ही गाडीत. आणि तेही माणशी. चेझारे मार्केटी नावाच्या इटालियन शास्त्रज्ञाने १९९४ मध्ये मांडलं होतं की माणूस पायी फिरत होता तेव्हापासून आजपर्यंत रोजच्या प्रवासाला सरासरी तासभरच देत आलाय, वाहनं वेगवान झाली तशी गावं पसरली पण तो तास तेवढाच राहिला. सरासरी आहे, कुणाचा जास्त कुणाचा कमी, पण अडीच तास म्हणजे तुम्ही त्याच्या अडीचपट देणार, ते कशातून कापणार ते आत्ताच ठरवा. झोपेतून की पोरांमधून, कारण ऑफिस तर काही सोडत नाही.

ब्रूनो फ्राय आणि आलॉइस स्टुट्झर या स्वित्झर्लंडमधल्या दोन अर्थशास्त्रज्ञांचं २००८ सालचं एक काम मला फार आवडतं. त्यांनी जर्मनीतल्या लोकांची माहिती तपासली, विचार असा होता की लांबून येणाऱ्याला काहीतरी बदल्यात मिळत असणार, मोठं घर, जास्त पगार, म्हणून तर तो लांब राहतो, तर मग हिशोब सारखा व्हायला हवा. पण तसं निघालं नाही. प्रवास जितका लांब तितके लोक आयुष्याबद्दल कमी समाधानी. मला यात नवल वाटलं नाही, कारण बाल्कनीची सवय सहा महिन्यांत होते, मग तिथे आपण फक्त कपडे वाळत घालतो, पण अडकलेल्या गाडीची सवय सतरा वर्षांत नाही झाली हो.

आता सासऱ्यांची बाजूही घेते. दीड खोलीत दोन लहान मुलं म्हणजे काय ते मला माहितीये, आम्हीही त्यातूनच पळालो. पण तुमच्या पत्रात एक गोष्ट नाहीये आणि तीच मला सगळ्यात महत्त्वाची वाटते: दुपारी दोनला पाळणाघरातून फोन आला की बाळाला ताप आहे, तर कोण निघणार आणि किती वाजता पोचणार? दोघांची ऑफिसं एकाच दिशेला आणि दोघंही सव्वा तास लांब, तर उत्तर सव्वातीन, तेही सगळं सुरळीत असेल तर. दोघांपैकी एकाचं काम घराजवळ असेल किंवा आठवड्यात दोन-तीन दिवस घरून होत असेल तर खुशाल जा. नसेल तर त्याच वस्तीत आधी वर्षभर भाड्याने राहून बघा, सामान दोनदा हलवायचा त्रास आहे पण वीस वर्षांच्या हप्त्यापुढे तो काहीच नाही. आईंना सांगा, वेडेपणा नाही करत, चाचणी घेतोय.

प्रत्येक जाहिरातीत "कुटुंबासाठी आदर्श परिसर" लिहिलेलं असतं. स्विमिंग पूल, क्लब हाऊस, चोवीस तास सिक्युरिटी. खरं कसं ओळखायचं?

पूल विसरा. पूल म्हणजे महिन्याचा मेंटेनन्स आणि "सध्या बंद आहे" अशी पाटी. मी एकच प्रश्न विचारते, आणि या सदरात पुढेही तोच दहा वेळा येईल, कंटाळू नका: दहा वर्षांचं पोर या घरातून एकटं निघून पायी कुठवर जाऊ शकतं? शाळेपर्यंत? मैदानापर्यंत? मित्राच्या घरी? वही आणायला दुकानात? की फक्त गेटपर्यंत?

हे काही माझ्या डोक्यातून आलेलं नाही. न्यूयॉर्क परिसराच्या आराखड्यासाठी क्लॅरेन्स पेरी नावाच्या माणसाने १९२९ मध्ये वस्ती कशी आखावी ते मांडलं, मधोमध प्राथमिक शाळा, कुठल्याही घरापासून ती साधारण पाव मैलावर म्हणजे चारशे मीटर, पाचेक मिनिटं चालत, मोठे रस्ते वस्तीच्या कडेने, आतून नाहीत, दुकानं कोपऱ्यांवर आणि दहा टक्के जागा बागा-मैदानांना. आम्हाला ऑफिसात त्याचं चित्र पाठ होतं. गंमत म्हणजे त्यातला "मोठा रस्ता कडेने" एवढाच भाग सगळ्यांनी उचलला आणि शाळा मधोमध ठेवायची राहून गेली, त्यामुळे आता अशा वस्त्या झाल्यात की आत एकदम शांत आणि बाहेर काहीही आणायला जायचं तर सहा पदरी रस्ता ओलांडा.

आणि पोरं पायी फिरायची थांबली की काय होतं त्याचा एक आकडा मला रात्री झोपू देत नाही. इंग्लंडमध्ये मेयर हिलमन नावाच्या संशोधकाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी पाहिलं, १९७१ मध्ये सात-आठ वर्षांची ८० टक्के मुलं मोठ्या माणसाशिवाय शाळेत जात होती, १९९० मध्ये तोच आकडा ९ टक्के. एकोणीस वर्षांत! मुलं बदलली नव्हती हो, रस्ते बदलले, गाड्या वाढल्या, आणि आईबाप घाबरले, त्यांचंही चूक नाही.

तर घर बघायला जाल तेव्हा कामाच्या दिवशी संध्याकाळी साडेपाचला जा आणि सॅम्पल फ्लॅटमध्ये शिरायच्या आधी अर्धा तास नुसते बाहेर उभे राहा. जिन्याखाली आडव्यातिडव्या टाकलेल्या छोट्या सायकली दिसतात का, रस्त्यावर खडूच्या रेघा आहेत का, म्हातारी माणसं कुठे बसलेली दिसतात का, आणि ती बसायची जागा सावलीत आहे का. फुटपाथ सलग आहे की दर पन्नास पावलांवर गाडी चढवलेली. बाबागाडी ढकलत एक चक्कर मारा, नसेल तर कुणाची मागून न्या, बाबागाडी जिथे अडेल तिथे पुढे आजोबांची काठीही अडणार. सिक्युरिटीचं म्हणाल तर गेटवरचा माणूस हवाच, नाही म्हणत नाही, पण शहरांवर लिहिणाऱ्या जेन जेकब्स बाईंनी १९६१ मध्येच लिहून ठेवलंय की रस्ता सुरक्षित राहतो तो त्यावर असलेल्या डोळ्यांमुळे, खिडकीतल्या, दुकानातल्या, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या. उंच भिंतीला डोळे नसतात, आणि भिंतीच्या बाहेरचा जो रस्ता आहे, जिथून तुमची मुलगी क्लासहून येणार, तो त्या भिंतीमुळे जास्तच सुनसान होतो.

शाळा आधी बघावी की घर?

शाळा. आणि शाळेइतकाच शाळेचा रस्ता. चांगली शाळा पण बसमध्ये रोज पन्नास मिनिटं, यापेक्षा बरी शाळा आणि दहा मिनिटं चालत, हे मी डोळे मिटून घेईन. माझ्या बहिणीला हे पटत नाही, तिची मुलं आता मोठी झाली तरी आमचं भांडण चालूच आहे.

आमची गल्ली आधी शांत होती, म्हणूनच इथे घर घेतलं. बाजूच्या मोठ्या रस्त्याला ट्रॅफिक वाढलं आणि सगळे शॉर्टकट म्हणून आमच्याकडून जायला लागले. मुलांना खाली पाठवायची भीती वाटते. मीटिंगमध्ये निम्मे म्हणतात स्पीडब्रेकर हवेत, निम्मे म्हणतात आमच्याच गाड्यांची वाट लागेल. एकमेकांशी बोलणं बंद व्हायची वेळ आलीये.

बोलणं मीटिंगमुळे नाही, त्या गाड्यांमुळे बंद होतंय, आणि हे मी शब्दशः म्हणतेय. डोनाल्ड ॲपलयार्ड या नगररचनेच्या प्राध्यापकांनी १९६९ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोतल्या तीन रस्त्यांवर जाऊन लोकांना विचारलं की तुमचे या रस्त्यावर मित्र किती. तिन्ही रस्ते दिसायला जवळपास सारखेच, फरक फक्त वाहतुकीचा, एकावर दिवसाला सुमारे २,००० गाड्या, दुसऱ्यावर ८,००० आणि तिसऱ्यावर १६,०००. शांत रस्त्यावर माणशी सरासरी तीन मित्र निघाले, सगळ्यात गजबजलेल्या रस्त्यावर एकही धड नाही, ०.९. नुसत्या ओळखीही निम्म्याच. शांत रस्त्यावरचे लोक सगळा रस्ता आपला मानत होते, गजबजलेल्या रस्त्यावर लोक मागच्या खोल्यांत सरकले. वाईट म्हणजे, या माणसाचा १९८२ मध्ये अथेन्समध्ये भरधाव गाडीनेच जीव घेतला.

आता वेगाचं बघा, कारण मीटिंगमध्ये कुणीतरी म्हणणारच की तीस आणि पन्नासमध्ये असा काय फरक. ताशी तीसने येणारा ड्रायव्हर पोर दिसल्यावर एका सेकंदात ब्रेकवर पाय टाकतो असं धरलं तर कोरड्या रस्त्यावर गाडी साधारण तेरा मीटरमध्ये थांबते. तोच ड्रायव्हर पन्नासने येत असेल तर त्या एका सेकंदातच गाडी जवळजवळ चौदा मीटर पुढे गेलेली असते, म्हणजे पहिली गाडी जिथे थांबली तिथे दुसरीचा ब्रेक अजून लागलेलाच नाही. हे एक वाक्य मीटिंगमध्ये वाचून दाखवा, आकडेमोड आठवी-नववीच्या विज्ञानाची आहे, कुणीही तपासून बघावी.

स्पीडब्रेकरवाल्यांना आणि विरोधकांना दोघांनाही सांगा की मधला रस्ता आहे. नेदरलँड्समध्ये डेल्फ्ट गावात १९६० च्या दशकाच्या शेवटी लोक वैतागले आणि त्यांनी आपल्या गल्ल्या अशा करून टाकल्या की गाडीला सरळ सुसाट जाताच येऊ नये, मध्ये झाड, मध्ये बाक, फरशीचा रंग वेगळा, वळणं. १९७६ मध्ये तिथल्या सरकारने त्याला कायद्यात बसवलं. त्या गल्लीला त्यांचा जो शब्द आहे त्याचा अर्थ जवळपास "राहतं अंगण" असा होतो, आपल्याला तर हे समजावून सांगायलाच नको. गाडी आत येऊ शकते पण पाहुण्यासारखी. तुम्ही लगेच झाडं लावायला जाऊ नका, रस्ता तुमचा खासगी नाही, पण अर्ज करताना "स्पीडब्रेकर द्या" एवढंच लिहू नका, "आरपार वाहतूक बंद करा" असं लिहा, म्हणजे गल्लीच्या एका टोकाला असे खुंट, की चालत आणि सायकलने जाता येईल, गाडीने नाही. मग शॉर्टकटच उरत नाही. तुम्हाला स्वतःला गाडी काढताना दोन मिनिटं वळसा पडेल, त्यावर पुन्हा भांडण होईल, होऊ दे. आणि अर्जाबरोबर मोजणी जोडा, दोन संध्याकाळी साडेपाच ते साडेसात खुर्ची टाकून किती गाड्या गेल्या ते लिहून काढा. आमच्या ऑफिसात तक्रारी ढिगाने यायच्या, आकडे घेऊन येणारा एखादाच, आणि त्याची फाईल वर जायची.

मुलं खाली बॉल खेळतात, आवाज होतो, दुपारी झोप होत नाही. तक्रार करावी का?

दोन ते चार बंद, बाकी वेळ खेळू दे, एवढं ठरवून घ्या. तो आवाज ज्या दिवशी थांबेल त्या दिवशी तुमच्या इमारतीत पोरं नाहीत असा अर्थ होईल. मीही एकेकाळी खिडकीतून ओरडायचे, आता ती पोरं नोकरीला लागली आणि दुपार फारच मोठी झालीये.

मी ६९ वर्षांचा. पत्नी गेल्यावर मुलाने आग्रहाने इकडे आणलं. घर छान आहे, सूनबाई मायेने करतात, पण सकाळी नऊला सगळे गेले की संध्याकाळी सातपर्यंत मी आणि टीव्ही. जुन्या ठिकाणी खाली उतरलं की चार माणसं भेटायची. इथे दोन वर्षांत शेजाऱ्याचं नावही कळलं नाही. बोलून दाखवलं तर मुलाला वाईट वाटेल.

काका, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. मुलाला वाईट वाटेल हे खरं, पण त्याला न सांगता तुम्ही आणखी दोन वर्षं काढलीत आणि मग कळलं तर जास्त वाईट वाटेल, तेव्हा सांगून टाका, तक्रार म्हणून नको, अडचण म्हणून.

एक ऐका. अमेरिकेत एमआयटी या तंत्रविद्यापीठाच्या विद्यार्थ्यांच्या वसाहतीत १९५० च्या सुमाराला फेस्टिंगर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने आणि त्यांच्या साथीदारांनी तपासलं होतं की कोण कुणाचा मित्र होतो. स्वभाव, आवडीनिवडी राहिल्या बाजूला, सगळ्यात जास्त मैत्री शेजारच्या दाराशी, आणि जिन्यापाशी किंवा पत्रपेट्यांपाशी राहणाऱ्यांच्या ओळखी वरच्या मजल्यावरही जास्त, कारण येता-जाता गाठ पडायची. म्हणजे दोष तुमच्या स्वभावात नाहीये काका, जागेत आहे. जुन्या घरी जिना होता, इथे लिफ्ट तळघरातल्या पार्किंगमधून थेट दारात आणते, माणूस माणसाला दिसतच नाही, मग नाव कसं कळणार?

तर जिथे लोकांना थांबावंच लागतं ती जागा शोधा. शाळेची बस येते तो कोपरा, सकाळी आणि दुपारी, तिथे दहा मिनिटं आधी जाऊन उभे राहा, नातवाला आणायचं काम सूनबाईंकडून मागून घ्या. रोज तीच वेळ, तीच जागा, हे महत्त्वाचं, चेहरा आधी ओळखीचा होतो आणि नाव मागून कळतं. आणि सोसायटीला लिहा की लिफ्टपाशी खाली एक बाक टाका, पाठ टेकता येईल असा, हात टेकून उठता येईल असा. बाक आला की त्यावर पहिले तुम्ही बसा. शिवाय शहराकडे जाणाऱ्या बसच्या वेळा कागदावर मोठ्या अक्षरात लिहून घ्या आणि पंधरवड्यातून एकदा जुन्या ठिकाणी जाऊन या. ते तोडायला कुणी सांगितलंय?

ताई, मी पंधरा वर्षांची आहे, आई तुमचं सदर वाचते म्हणून तुम्हालाच लिहितेय. आईबाबा मला न विचारता इथे राहायला आले. सगळे म्हणतात किती छान, किती हिरवं, मुलांसाठी किती चांगलं. लहान मुलांसाठी असेल. मला इथे करायला काहीच नाही, मैत्रिणी सगळ्या तिकडे, शेवटची बस आठला, आणि कुठेही जायचं तर बाबांना गाडी काढ म्हणावं लागतं. मी कृतघ्न आहे का?

अजिबात नाहीस. तू या अंकातलं सगळ्यात खरं पत्र लिहिलंयस. अशा वस्त्या आखताना आमच्या डोक्यात आठ वर्षांचं पोर असायचं, घसरगुंडी, झोपाळा, वाळूचा हौद, आणि ते पोर पुढे पंधराचं होणार हे नकाशावर कुणी काढायचंच नाही. मीही काढलं नाही. माझा मुलगा तुझ्याएवढा असताना कठड्यावर मित्रांबरोबर नुसता बसलेला असायचा तर लोक येऊन विचारायचे इथे काय करताय, घरी जा. झोपाळ्यावर बसायला मोठे आणि बाकावर बसायला लहान, अशी तुमची गत.

आता काय करायचं ते. आईबाबांना "मला इथे आवडत नाही" म्हणू नकोस, त्यावर ते हिरवळ दाखवतील. त्यांना वेळापत्रक दाखव. आठवड्यातल्या कुठल्या दोन संध्याकाळी तुला शहरात जायचंय, जायची बस कुठली, यायची आठची बस चुकली तर काय, हे कागदावर मांड आणि म्हण, यात एक जागा अडते ती सोडवा. आणि तुझ्यासारखी अजून पोरं असणारच तिथे, पाच-दहा तरी, सगळ्यांची घरी हीच कटकट चालू असेल. सगळ्यांनी मिळून आठच्या पुढे निदान साडेनऊची एक बस मागा, सह्या मोठ्यांच्याही घ्या, ज्यांना रोज रात्री गाडी काढावी लागते ते बाबा लोक सगळ्यात आधी सही करतील बघ.

अर्ज लिहायला मदत लागली तर मला पुन्हा लिही. आणि वर ते काका आहेत ना बाकावाले, तसे तुमच्याकडेही कुणी असतील, त्यांचीही सही घे, त्यांनाही ती बस हवीच असणार.